मोजणीदाराचे हात

मोजणीदार चितारायचं काम खोडताईच्या वाट्याला आलं, कारण दुसरं कुणी ते अंगावर घ्यायला तयार नव्हतं.

नायिकेसाठी स्टुडिओत रस्सीखेच झाली होती. खलनायकासाठी तर दोन चित्रकारांचं आपसात बोलणं बंद झालं होतं, कारण इतका दुष्ट माणूस चितारायला मिळणं ही नशिबाची गोष्ट. उरला तो खलनायकाच्या हाताखालचा माणूस. धड दुष्ट नाही, धड सज्जन नाही, तोंडी वाक्यं चार, आणि पडद्यावर मात्र सारखा उभा. असली कामं खोडताईकडे जायची. वीस वर्षं ती अ‍ॅनिमेशनच्या धंद्यात होती आणि काढायची त्याहून खोडायची जास्त, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. हा सिनेमा कागदावर पेन्सिलीनंच काढायचा असा दिग्दर्शकाचा हट्ट होता, त्यामुळे तिच्या टेबलाखाली रबराच्या चुऱ्याचा थर साचायचा. झाडणारी बाई म्हणायची, "ताई, तुमची निम्मी चित्रं मीच सुपलीत भरून नेते."

सिनेमा एका जुन्या कादंबरीवरून करायचा होता. कादंबरी मुलांसाठी लिहिलेली, पण मोठ्यांनीच जास्त वाचलेली. एक माणूस नदी अडवतो आणि अख्ख्या गावाच्या पाण्याचा धनी होऊन बसतो. कुठल्या घराला किती पाणी, ते तो ठरवतो, आणि मोजून द्यायला एक माणूस ठेवतो. तो मोजणीदार. धन्याच्या हुकमावरून मोजणीदार माप मारतो. घराघरांतली पोरं तहानेनं मरायला लागतात तेव्हाही मारतो. आणि अधूनमधून, धन्याची पाठ वळली की, एखाद्या आजारी पोराच्या घरी ओंजळभर पाणी जास्त ओततो. सगळ्यांच्या नाही, एखाद्याच. शेवटी एक बारा वर्षांची पोर धरण फोडते, धनी पळून जातो. मोजणीदार मात्र कुठे जात नाही. शेवटच्या प्रकरणात तो पाण्याचं भरलेलं मडकं घेऊन त्या पोरीच्या दाराशी येतो. तिचा भाऊ तहानेनं गेलेला. ती आतून बघते आणि दार उघडत नाही. तो मडकं उंबऱ्याशी ठेवून जातो. सकाळी मडकं तसंच भरलेलं असतं. तिथं पुस्तक संपतं.

"ताई, मला त्याच्या चेहऱ्यावर काही नको," दिग्दर्शक म्हणाला होता. तो तिच्याहून दहा वर्षांनी लहान, बोलायला गोड, आणि पुस्तकावर मनापासून जीव असलेला. "चेहरा कोरा ठेवा. त्याचं जे काय चाललंय ते हातांत दिसू दे."

तिनं हात काढले. माप धरलेले, पाणी ओतताना बोट हळूच आत घालून माप कमी करणारे, काम नसताना एकमेकांत अडकवून मांडीवर ठेवलेले. लांब, हाडकुळी बोटं. अंगठा सदा पहिल्या बोटावर दाबलेला, पेन नसतानाही पेन धरल्यासारखा. तीन दिवसांत तिनं साठ-सत्तर कागद भरले आणि, नवल म्हणजे, फारसं खोडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी घरी चहाचा कप पुढे सरकवताना तिनं समोर पाहिलं, तर तेच हात कप धरायला आले. ते तिच्या वडिलांचे होते.

अण्णा आता शहात्तर वर्षांचे होते. बत्तीस वर्षांपूर्वी ते एका सूतगिरणीत सुरक्षा तपासनीस होते. दर आठवड्याला एक छापील कागद भरायचा: पाण्याच्या बादल्या भरलेल्या, वायरी झाकलेल्या, मागचं दार उघडं. मागचं दार उघडं नसायचं. सूत चोरीला जातं म्हणून मॅनेजरनं त्याला कुलूप घालायला लावलं होतं, आणि किल्ली ठेवली होती अण्णांकडेच. अण्णा दर आठवड्याला "उघडं" या शब्दापुढे खूण करायचे आणि खाली सही. मॅनेजर बाहेरगावी गेला की मात्र दुपारच्या वेळी ते गुपचूप कुलूप काढायचे. तेवढाच आतल्या माणसांना वारा. ज्या दिवशी आग लागली त्या दिवशी मॅनेजर आपल्या खोलीत होता. अकरा माणसं त्या बंद दाराशी सापडली.

चौकशीत अण्णांनी काही लपवलं नाही. "हुकूम त्यांचा होता, सही मी केली," असं त्यांनी उभं राहून सांगितलं. त्यांच्या साक्षीवर मॅनेजर तुरुंगात गेला, आणि साक्ष दिली म्हणून अण्णा सुटले. पण सुटले म्हणजे कुठं गेले? ते राहत होते त्याच इमारतीत राहिले. गिरणीतल्या लोकांची इमारत ती. अकरातला एक, एकोणीस वर्षांचा, खालच्याच मजल्यावरचा. त्याची थोरली बहीण अजून तिथं राहत होती. खोडताई लहानपणी तिला मावशी म्हणायची, तिच्या घरी जाऊन वेणी घालून घ्यायची. आगीनंतर ते सगळं संपलं. मावशी खोडताईशी कामापुरतं बोले, जिन्यातला दिवा गेलाय, टाकी भरली का, एवढंच. अण्णांशी बत्तीस वर्षांत एक शब्द नाही. ते जिना चढताना दिसले की ती भिंतीकडे तोंड करून उभी राही. खोडताईची आई जिवंत होती तोवर तीही हळूहळू खालमानेनं चालायला शिकली, आणि तशीच एक दिवस गेली.

खोडताईनं वडिलांना कधी सोडलं नाही, पण माफही केलं नव्हतं. अकरा वर्षांची होती तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न रुतून बसला होता: एवढं काय अवघड होतं? तोंड उघडायचं आणि म्हणायचं, नाही करत सही. एवढंच तर होतं. तिनं तो त्यांना कधी विचारला नाही. विचारला असता तर त्या घरात राहणं जमलं नसतं.

आता हात त्यांचे आहेत हे कळल्यावर आपण थांबू असं तिला वाटलं होतं. थांबली नाही. उलट घरी ती त्यांना चोरून न्याहाळू लागली. ते वर्तमानपत्राची घडी घालताना तळहाताच्या कडेनं दाबतात, गोळी घेताना आधी ती बोटांत फिरवून पाहतात. सगळं मोजणीदारात उतरलं. कादंबरी तिनं घरी टेबलावर ठेवली होती, ती अण्णांनी वाचून काढली. चष्मा पुसत, चार दिवसांत.

"या मडक्यानंतर पुढे काय होतं याचं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तक तिथंच संपतं."

"अस्सं," ते म्हणाले आणि पुस्तक जिथून उचललं होतं तिथं बरोबर ठेवलं.

दाराचा प्रसंग तिनं पाच आठवडे काढला. मोजणीदार मडकं खाली ठेवतो, पण हात लगेच सुटत नाहीत. मडक्याच्या कडेला बोटं राहतात, मग एकेक करून उठतात. अंगठा शेवटी. रंग न भरता नुसत्या पेन्सिलीत काढलेला तो प्रसंग तिनं पडद्यावर लावून दाखवला तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. दिग्दर्शक उठून बाहेर गेला आणि डोळे पुसून आत आला. "ताई, हाच आपला सिनेमा," तो म्हणाला.

मग चाचणीचा खेळ झाला. चाळीस मुलं, त्यांचे आईबाप, आणि प्रत्येकाच्या हातात एक कागद. त्यावर छापलेले चेहरे, हसरा, रडका, गोंधळलेला. प्रत्येक प्रसंगापुढे एका चेहऱ्यावर खूण करायची. दाराच्या प्रसंगाला बहुतेक मुलांनी गोंधळलेल्यावर खूण केली. अंधारात एक चिमुरडी मोठ्यानं म्हणालीसुद्धा, "तिनं पाणी का नाही घेतलं? वाया गेलं ना!" लोक हसले. खोडताईला मात्र वाटलं, संबंध सिनेमागृहात या एका पोरीला सगळं समजलंय.

दुसऱ्या आठवड्यात बैठक झाली. निर्माती वयानं मोठी, समंजस बाई होती. आरडाओरडा करणारी नव्हती. तिनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मुलांना तो चांगला की वाईट तेच कळत नाहीये. वाईट असेल तर वाईट दाखवा, चांगला असेल तर चांगला. पण लेकरांना असं अधांतरी सोडून घरी पाठवू नका."

"मी विचार केलाय त्यावर," दिग्दर्शक म्हणाला. तो खोडताईकडे बघत नव्हता. "त्याला मरू दे. धरण फोडताना ती पोर अडकते. मोजणीदार धावत येतो, धरणाच्या दाराला खांदा लावतो, दार उघडतं, पोर वाचते आणि तो पाण्याबरोबर वाहून जातो. त्यानं जे केलं त्याची फेड झाली. रडतील मुलं, पण समजेल त्यांना."

टेबलाभोवती माना हलल्या. कुणीतरी म्हणालं, मस्त. कुणीतरी म्हणालं, अंगावर काटा आला.

"पण पुस्तकात तो जगतो," खोडताई म्हणाली.

"हो ना ताई. तेच तर पाहवत नाही."

"पाहवू नये म्हणूनच..." तिनं सुरुवात केली. वाक्य पुरं तयार होतं तिच्याकडे. मेल्यावर काय, कुणीही सुटतो. याला सुटायचं नाहीये, हीच तर त्याची गोष्ट आहे. पण सगळे तिच्याकडे इतक्या आपुलकीनं बघत होते. निर्मातीनं तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली आणि म्हणाली, "घ्या ना. तुमचं दाराचं काम अप्रतिम आहे हं, त्यात वादच नाही. आणि हे पाण्याचंही तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही." खोडताईनं बिस्किट उचललं. ते खाऊन होईपर्यंत विषय पुढे गेला होता. संगीताचं बोलणं सुरू झालं होतं.

खाली टेबलाशी येऊन बसली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की तिला कुणी दटावलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. नुसती बशी पुढे केली होती. बत्तीस वर्षं जो प्रश्न ती मनातल्या मनात अण्णांना विचारत आली होती त्याचं उत्तर एवढं साधं निघेल असं तिला वाटलं नव्हतं. मग तिनं नवा कागद घेतला.

दोन महिने तिनं पाणी काढलं. आणि वाईट काढायचं तर तेही तिला जमेना. हात चांगलंच काम करत राहिले. दाराला भिडलेला खांदा, फाटत जाणारी बाही, पाण्याखाली जाताना वर राहिलेला एक हात, आणि त्या हाताचा अंगठा पहिल्यांदाच बोटावरून सुटलेला. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम होतं ते. दाराचा प्रसंग कापला गेला. त्याचे कागद एका खोक्यात भरून माळ्यावर गेले.

सिनेमा चालला. खूप चालला. अण्णा म्हणाले, "मला नेशील का?" तिनं टाळून पाहिलं, गर्दी असते, आवाज मोठा असतो, तुम्हाला बसवत नाही. ते म्हणाले, "बसेन." एका दुपारच्या खेळाला ती त्यांना घेऊन गेली. सिनेमागृहात शाळेची मुलंच मुलं. मोजणीदार वाहून गेला तेव्हा सगळीकडे मुसमुसणं ऐकू यायला लागलं, आणि पोर जिवंत बाहेर आली तेव्हा टाळ्या पडल्या. अण्णा हात मांडीवर अडकवून बसले होते. खोडताई पडद्याकडे बघत नव्हती, त्या हातांकडे बघत होती.

बाहेर आल्यावर ते दमले म्हणून दोघं एका बाकावर बसले.

"पाणी छान काढलंयस," ते म्हणाले. "अगदी खरं वाटतं."

"हं."

"शेवट तू बदललास?"

"त्यांनी बदलला. मी काढला."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं आता काहीतरी बोलतील, निदान हसतील तरी. ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

"बरा सुटला," ते म्हणाले. "लोक टाळ्या वाजवत होते, नाही? मलाही वाजवाव्याशा वाटल्या." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या दिवशी मी आत घुसलो असतो ना, तर तुझ्या आईचे दिवस बरे गेले असते."

"असं काय बोलता, अण्णा."

"अगं, खरं तेच. मेलेल्या माणसाला बघून कुणी भिंतीकडे तोंड करत नाही."

तिनं त्यांचा कोपर धरला आणि त्यांना उठवलं.

आठवड्याभरानं मावशी जिन्यात भेटली. बरोबर आठ-नऊ वर्षांची नात होती, मावशीच्या लेकीची मुलगी. खोडताई नेहमीसारखी मान हलवून पुढे निघाली होती, तोच मावशी म्हणाली, "थांब गं जरा. तो धरणाचा सिनेमा तुमच्या स्टुडिओचा ना? हिनं शेवटी तुझं नाव वाचलं."

"हो."

"मी रडले बघ. कधी नव्हे ते." मावशीच्या आवाजात जुनी ऊब होती, वेणी घालतानाची. "तो मोजणीदार बिचारा. काय काय केलं मेल्यानं, पण शेवटी तरी शहाणा झाला. त्याचे ते हात बघून मला कसंसंच झालं."

खोडताईला नुसतं "हो ना" म्हणून वर जाता आलं असतं. पण एक वाक्य तिनं बिस्किटाबरोबर गिळलं होतं, आणि ते अजून घशाखाली उतरलं नव्हतं.

"मावशी, ते हात अण्णांचे आहेत," ती म्हणाली. "त्यांचेच बघून काढले मी."

मावशीनं नातीच्या पाठीवर हात ठेवून तिला घरात ढकललं. मग दाराला धरून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं होतं.

"त्याच्यासाठी रडवलंस मला?" ती हळू म्हणाली. "त्याच्यासाठी?"

"मावशी, मला..."

"आणि आमच्या धाकट्याचे? त्याचे हात कुणी काढले गं?"

दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं.

खोडताईला पुढचे दोन दिवस काम सुचलं नाही. इतकी वर्षं ती एकाच माणसाकडे बघत आली होती, रागानं का होईना. त्या अकरा जणांचा आकडा तिला पाठ होता, पण त्या एकोणीस वर्षांच्या मुलाचा चेहरा आठवायला गेलं तर एक पांढरा शर्ट आणि सायकलची घंटी यापलीकडे काही हाताला लागेना. तो तिला दादा म्हणायला लावायचा आणि ती मुद्दाम म्हणायची नाही, एवढं आठवलं.

रविवारी दुपारी ती कागद आणि पेन्सिली घेऊन खाली गेली आणि दार वाजवलं. मावशीनं दार उघडायला वेळ लावला.

"काय आहे?"

"तुम्ही सांगा, मी काढते."

"कशाला?"

"मला नाही माहीत," खोडताई म्हणाली.

मावशी आत गेली. दार मात्र तिनं उघडंच ठेवलं होतं. खोडताई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसली. मावशीनं कपाटातून एक फोटो आणला. गिरणीच्या अंगणात ओळीनं उभी राहिलेली पोरं. "हा," तिनं बोट ठेवलं. कान मोठे, भांग पाडलेला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधलेले.

"एवढा एकच आहे," मावशी म्हणाली. "त्यातही हात मागे. असाच होता, सांगितलेलं कधी ऐकलं नाही."

मग तिनं सांगायला सुरुवात केली, आधी तुटक, मग भरभर. बोटं आखूड, पण जाड नाहीत. सुताची गाठ मारायचा तर शोधून सापडायची नाही. मनगटावर हाड वर आलेलं. हात धुतल्यावर पुसायचा नाही, झटकायचा, सगळ्यांच्या अंगावर पाणी. खोडताई काढत होती, खोडत होती, कागद वळवून दाखवत होती. "नाही गं, इतकी आखूड नाहीत." "नाही, हा तर म्हाताऱ्याचा झाला." टेबलावर चुऱ्याचा ढीग झाला. उन्हं उतरली तेव्हा मावशीनं शेवटचा कागद हातात घेऊन लांब धरला.

"हात आहेत," ती म्हणाली. "पण कुणाचेही आहेत."

"उद्या येऊ?"

"ये, नाहीतर नको येऊस." मावशी कागद परत देऊन भांडी आवरायला उठली.

वर अण्णा जेवायचे थांबले होते. "खाली होतीस?" त्यांनी विचारलं. "बोलण्याचा आवाज येत होता." तिनं लपवलं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी जेवताना एकदाही वर पाहिलं नाही.

सकाळी चहा झाल्यावर ते म्हणाले, "त्याच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं होतं. शेवटच्या महिन्यात."

तिनं कप खाली ठेवला.

"दारात सापडला होता अंगठा. मागच्या दारात. मॅनेजर यायची वेळ झाली होती, मी बंद करत होतो. तो वाऱ्याला उभा होता. म्हणाला, साहेब, जरा राहू द्या ना. मी ओढलं. ओरडला नाही. अंगठा तोंडात घातला आणि हसला माझ्याकडे बघून. माझीच चूक म्हणाला."

"हे तुम्ही चौकशीत सांगितलंत?"

"कुणी विचारलं नाही."

संध्याकाळी कामावरून येताना ती वर न जाता थेट खालच्या दाराशी थांबली. या वेळी मावशीनं लगेच उघडलं. खोडताईनं कालचाच कागद काढला आणि काही न विचारता डाव्या अंगठ्याचं नख भरायला घेतलं. मुळाशी गडद, टोकाकडे थोडं फिकट, कडेला सुजलेली कातडी. मावशी मागे उभी राहून बघत होती. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता. मग मावशी येऊन समोरच्या खुर्चीत बसली.

"हे तुला कुणी सांगितलं?"

खोडताईनं पेन्सिल खाली ठेवली. "अण्णांनी."

मावशी कागदाकडे बघत राहिली. तिनं बोटानं ते काळं नख हळूच चाचपलं, बोटाला शिसं लागलं ते पाहिलं, आणि पदराला पुसलं नाही. आतल्या खोलीत नात मोठ्यानं धडा वाचत होती. खोडताईला वाटलं आता ती उठेल आणि जा म्हणेल.

"उजव्या," मावशी म्हणाली.

"काय?"

"डाव्या नाही, उजव्या हाताचं. महिनाभर त्याच्या शर्टाची बटणं मी लावून देत होते. मला नाही का माहीत?" तिचा आवाज चिरका झाला होता. "सांग त्यांना. उजव्या हाताचं होतं म्हणावं."

खोडताई वर आली. अण्णा खिडकीशी बसले होते. ती चपलाही न काढता म्हणाली, "मावशी म्हणतात, उजव्या हाताचं होतं."

"मावशी म्हणतात?"

"तुम्हाला सांग म्हणाल्या."

ते खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. उजवा हात पुढे केला, दाराची कडी असते तेवढ्या उंचीवर धरला आणि हवेतच आपल्याकडे ओढला. तो पोरगा समोर कुठं उभा होता, त्याचा कुठला हात चौकटीला होता, ते आठवत त्यांनी पुन्हा एकदा ओढला.

"हो," ते म्हणाले. "उजव्याच. बरोबर आहे त्यांचं."

हात त्यांनी खाली घेतला नाही.